भाड्याने द्यायला पहिला फ्लॅट घेताय? आधी हे सगळं करा (पुण्याच्या हिशेबासकट)

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. म्हणाला, "दादा, १५ लाख साठलेत, धायरीत एक वन बीएचके बघितलाय, ४५ लाख सांगतोय, घेऊन भाड्याने टाकतो, भाड्यातच हप्ता फिटेल ना?" मी म्हटलं, फिटणार नाही. पण तरी घेण्यासारखा असू शकतो, तू आधी वही-पेन घेऊन बस. त्या दिवशी फोनवर दीड तास जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रश्न ऑफिसातली दर दुसरी व्यक्ती विचारते आणि उत्तर मात्र ब्रोकरकडून घेते.

मी स्वतः दोन फ्लॅट भाड्याने देतो. पहिल्याच्या आधी एका व्यवहारात टोकन (फ्लॅट अडवून ठेवायला दिलेली आगाऊ रक्कम) अडकलं होतं, ते पुढे सांगतो. माझं म्हणणं एकच आहे, भाव वाढेल ही आशा हिशेबात अजिबात धरायची नाही, वाढला तर चांगलंच आहे, पण फ्लॅट घ्यायचा तो उद्या त्यात राहायला येणाऱ्या माणसाच्या नजरेने बघून आणि कागद तपासून. सगळी उदाहरणं पुण्याची आहेत, कायदे बहुतेक महाराष्ट्रभर किंवा देशभर तेच, स्टॅम्प ड्युटीचा दर मात्र शहरागणिक थोडा बदलतो.

पहिलं काम: खरा हिशेब

४५ लाखांचा फ्लॅट ४५ लाखांना पडत नाही. पुणे महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे ३,१५,००० रुपये. रजिस्ट्रेशन १ टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही, म्हणजे ३०,०००. ब्रोकर १ टक्का धरा, ४५,०००. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट तुमच्या नावावर करायला सोसायटी घेते ते पैसे) महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,०००. वकील आणि बँकेची प्रोसेसिंग मिळून ३०,००० धरा. आणि रिसेल म्हणजे जुन्या मालकाकडून घेतलेला फ्लॅट आहे म्हटल्यावर रंग, पंखे, गीझर, बाथरूमचे नळ, किचनची ट्रॉली यात १ लाख सहज जातो. सगळं धरून झाले ५०,४५,०००.

फ्लॅट एकट्या बाईच्या नावावर किंवा फक्त बायकांच्या नावावर घेतला तर निवासी घराच्या स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, इथे सरळ ४५,००० वाचतात. पूर्वी अशी सूट घेतली की १५ वर्षं पुरुषाला विकता येत नव्हतं, ती अट २०२३ मध्ये काढली. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतला तर सूट नाही. आणि ड्युटी ॲग्रीमेंटमधली रक्कम किंवा रेडी रेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेली) किंमत यातल्या मोठ्या आकड्यावर लागते, त्यामुळे स्वस्तात मिळाला म्हणून ड्युटी कमी होईलच असं नाही.

आता लोन. आरबीआयच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या होमलोनला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या लोनला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंतच बँक देऊ शकते, आणि स्टॅम्प-रजिस्ट्रेशनचे पैसे त्या किमतीत धरत नाहीत (अगदी स्वस्त घरं सोडून). म्हणजे इथे लोन ३६ लाख, उरलेले १४,४५,००० तुमच्या खिशातून. "२० टक्के भरले की झालं" असं जे सगळे सांगतात ते खरं तर ३२ टक्के होतं, माझ्या भावाचे १५ लाख इथेच संपले, हाताशी काही राहिलं नाही. आणि लोन काढल्यावर निदान सहा हप्त्यांचे पैसे बाजूला पडलेले असले पाहिजेत, मी तर म्हणतो ते नसतील तर अजून वर्षभर थांबा, फ्लॅट कुठे पळून जात नाहीत.

भाडं आता. धरा १६,००० महिना. ब्रोकर लगेच १२ ने गुणून १,९२,००० भागिले ४५ लाख करून सव्वाचार टक्के रिटर्न सांगतो. तुम्ही असं करा: वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा जातो असं धरायचं, म्हणजे भाडं १,७६,०००. त्यातून मेंटेनन्स २,२०० प्रमाणे २६,४००, प्रॉपर्टी टॅक्स ९,०००, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) २,०००, किरकोळ दुरुस्ती १०,०००. हातात राहिले १,२८,६००. भागिले ५०,४५,०००, म्हणजे जेमतेम अडीच टक्के.

३६ लाखांचं लोन साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ३१,२०० च्या आसपास. भाड्यातून महिन्याला सरासरी १०,७०० हातात येतात. म्हणजे दर महिन्याला साडेवीस हजार पगारातून घालायचे, तेही अनेक वर्षं. हे जमणार असेल, नोकरीत एवढी खात्री असेल, तर पुढचं वाचा. जमणार नसेल तर छोटा फ्लॅट किंवा मोठं डाउनपेमेंट, तिसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

प्रॉपर्टी टॅक्सचं एक सांगतो, हे बऱ्याच जणांना बिल आल्यावर कळतं. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला करपात्र रकमेत ४० टक्के सवलत देते, त्यासाठी पीटी-३ फॉर्म भरतात. फ्लॅट भाड्याने दिला की ही सवलत तुम्हाला नाही. त्यामुळे विकणारा स्वतः राहत असेल आणि त्याने त्याचं बिल दाखवलं तर तोच आकडा तुमच्या हिशेबात घालू नका.

दुसरं: एरिया निवडताना भाडेकरू कोण ते ठरवा

"एरिया डेव्हलप होतोय" या वाक्यावर फ्लॅट घ्यायचा नाही. तिथे भाड्याने कोण राहणार ते नाव-गाव-पगारासकट डोळ्यांसमोर आलं पाहिजे. हिंजवडी-वाकडला आयटीवाली पोरं आणि नवीन लग्न झालेली जोडपी, खराडीला तेच, नऱ्हे-आंबेगावला कॉलेजची मुलं, भोसरी-मोशीकडे कंपनीत शिफ्टला जाणारे. प्रत्येकाची गरज वेगळी. कॉलेजच्या मुलांना लिफ्ट नसली तरी चालते पण सोसायटीला ती मुलं चालत नाहीत, आणि सोसायटीचा मूड तुम्ही फ्लॅट घ्यायच्या आधी विचारायचा असतो. सेक्रेटरीला सरळ विचारा, इथे बॅचलर राहतात का, किती फ्लॅट भाड्याने आहेत. कुटुंबच हवं असा अलिखित नियम असेल तर तुमचे निम्मे गिऱ्हाईक गेले.

मग भाड्याच्या साईट्सवर त्याच बिल्डिंगचे, नाही तर शेजारच्या बिल्डिंगचे फ्लॅट बघा. तिथे लिहिलेलं भाडं हे मागितलेलं भाडं असतं, मिळालेलं नव्हे. खरा आकडा मिळतो वॉचमनकडून, इस्त्रीवाल्याकडून आणि त्या गल्लीतल्या एखाद्या लहान ब्रोकरकडून, ज्याला तुम्ही "भाड्याने फ्लॅट पाहिजे" असं सांगून विचाराल. मी तेच केलं होतं, विकत घ्यायचंय म्हटल्यावर मला १८,००० सांगितलेलं भाडं, राहायला पाहिजे म्हटल्यावर १५,५०० वर आलं.

आणि पाणी. वाघोली, उंड्री, पिसोळी, बाणेरचा वरचा भाग, इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. महापालिकेच्या हद्दीत आलं म्हणजे महापालिकेचं पाणी आलं असं होत नाही, २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, तिथे टँकर अजून फिरताहेत. मेंटेनन्स २,२०० सांगतात आणि एप्रिल-मेमध्ये "टँकर कॉन्ट्रिब्युशन" वेगळं मागतात. यासाठी सोपी गोष्ट करायची. सकाळी ७ वाजता सोसायटीच्या गेटवर जायचं. वॉचमनच्या टेबलावर एक रजिस्टर असतं, तारीख, वेळ, टँकरचा नंबर, सही. दोन पानं उलटून बघू द्या म्हणायचं, बहुतेक जण देतात. त्या दोन पानांवरून कळतं तेवढं मॉडेल फ्लॅट बघून नाही कळत.

तिसरं: नवीन घ्यायचा की रिसेल

पहिलाच फ्लॅट आणि तोही भाड्यासाठी असेल तर माझं स्पष्ट मत, ५ ते १० वर्षं जुन्या बिल्डिंगमधला, ओसी (बिल्डिंग राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेला रिसेल फ्लॅट घ्या. बांधकाम चालू असलेला घेतला तर भाडं सुरू व्हायला दोन-तीन वर्षं, तोपर्यंत प्री-ईएमआय म्हणजे नुसतं व्याज भरणं चालू, आणि वर जीएसटी. कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ६० स्क्वेअर मीटरच्या आत (मोठ्या महानगरांच्या बाहेर ९०) आणि ४५ लाखांपर्यंतच्या घराला १ टक्का, त्यावरच्या सगळ्याला ५ टक्के. कम्प्लीशन झाल्यानंतर घेतलेल्या किंवा रिसेल फ्लॅटला जीएसटी नाही.

तरी नवीनच घ्यायचा असेल तर महारेराची (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची) साईट उघडल्याशिवाय सेल्स ऑफिसला जायचं नाही. जाहिरातीवर आता क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला की प्रोजेक्टचं पान उघडतं. तिथे पझेशनची तारीख बघा, ती कितीदा वाढवून घेतलीय ते बघा, कोर्टकेस आहेत का, जमिनीवर लोन कुणाचं आहे, किती फ्लॅट बुक झालेत. कायदा चांगला आहे: रजिस्ट्रेशनशिवाय बुकिंग घेता येत नाही (म्हणजे "प्री-लाँचमध्ये टाकून ठेवा, रेरा नंबर येतोय" हे ऐकलं की उठायचं), नोंदणीकृत ॲग्रीमेंट न करता १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून जमीन आणि बांधकामावरच वापरायचे असतात, उशीर झाला तर व्याज किंवा पैसे परत मागता येतात, आणि ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने पदरमोड करून दुरुस्त करायचा. भाव कार्पेटवर बोला. "सेलेबल" एरियाचा (जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेला) आकडा सांगितला तर कागदावर कार्पेट लिहून मागा आणि त्याने भागून दर काढा.

चौथं: फ्लॅट बघायला जाणं

एका रविवारी पावसात मी एक टू बीएचके बघायला गेलो होतो, जुलै होता. मालकीणबाई बोलायला फार चांगल्या, चहा केला, घर लखलखीत. बेडरूमच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं, पण गुडघ्याच्या जरा वर, म्हणजे कुणी वाचणार नाही अशा उंचीवर. मी सहज उचललं तर मागे वीतभर रंग फुगलेला, बोट लावलं की पोपडा पडला. पलीकडे बाथरूम होतं. त्यांनी लपवलं म्हणून राग नाही आला, पण वॉटरप्रूफिंगचा खर्च आणि वरच्या मजल्यावाल्याशी भांडण हे दोन्ही माझ्या वाट्याला येणार होतं.

म्हणून फ्लॅट पावसाळ्यात बघा, निदान एकदा तरी. कपाटाच्या मागे हात घाला, खिडकीच्या खालची भिंत दाबून बघा, सिंकखालचं दार उघडून वास घ्या. सगळे नळ एकदम सोडून प्रेशर बघा, फ्लश ओढा, फोनला रेंज येते का बघा (हल्ली घरून काम करणारा भाडेकरू पहिलं तेच बघतो). टॉप फ्लोअर असेल तर टेरेसवर चढा. पार्किंग ॲग्रीमेंटमध्ये लिहिलंय का नुसतं "मिळतं", ते विचारा.

पाचवं: कागद, इथे वेळ घालवा

ही सगळ्यात मोठी पायरी आहे, इथे घाई करू नका आणि वकिलाची फी वाचवू नका. ब्रोकरने आणलेला वकील नको, बँकेचा वकील बँकेसाठी बघतो, तुमचा स्वतःचा पाहिजे.

रिसेलला मागायचे कागद: बिल्डरपासून आताच्या मालकापर्यंत सगळी ॲग्रीमेंट, ओरिजनल, मधली एकही गायब नको, प्रत्येकाची इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) आणि रजिस्ट्रेशनची पावती. सँक्शन प्लॅन आणि भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि नो-ड्यूज (थकबाकी नसल्याचं पत्र). प्रॉपर्टी टॅक्सची ताजी पावती, वीजबिल. आणि वकिलाचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि कर्जाच्या जुन्या नोंदींची तपासणी. आयजीआर महाराष्ट्रच्या (राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या) साईटवर ई-सर्च आहे, तिथे तुम्ही स्वतःही फ्लॅट नंबर टाकून नोंदणी झालेले व्यवहार बघू शकता, वकिलाकडे जायच्या आधी अर्धा तास घालवा.

पुण्यात बऱ्याच बिल्डिंग सोसायटी नसून अपार्टमेंट असतात, तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट (फ्लॅट मालकाच्या नावे करणारा दस्त) असतं. ते झालंय का बघा. सोसायटी असेल तर कन्व्हेयन्स झालंय का विचारा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आलीय की अजून बिल्डर किंवा जुन्या जमीनमालकाच्याच नावावर आहे. नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डर करत नसेल तर सरकारी अधिकाऱ्याकडून करून घ्यायचा) रस्ता आहे, पण ते काम सगळ्या सोसायटीने मिळून करायचं असतं.

ओसी नसलेली बिल्डिंग थोडी स्वस्त मिळते. मी ती घेऊ नका असंच सांगेन. "सगळेच राहतात" हे खरं आहे, सगळेच राहतात, पण पाण्याचं कनेक्शन, पुढच्या गिऱ्हाइकाचं लोन, विकताना मिळणारा भाव, प्रत्येक ठिकाणी तो कागद आडवा येतो. आणि शहराबाहेरच्या गुंठेवारीतल्या (परवानगीशिवाय तुकडे पाडलेल्या जमिनीतल्या) प्लॉटवर बांधलेल्या तीन मजली "फ्लॅट स्कीम" तर पहिल्या खरेदीत नकोच.

आता माझं टोकन. पहिला फ्लॅट ठरला, मालक गोड माणूस, "आज ५१ हजार टाका म्हणजे दुसऱ्याला दाखवत नाही." मी टाकले, ऑनलाइन, पावती नाही, चिठ्ठी नाही, मेसेजमध्ये फक्त "रिसीव्ह्ड". आठवड्याने वकिलाने सर्च काढला तर फ्लॅटवर बँकेचं लोन होतंच, ते त्याने सांगितलंही होतं, पण त्याच फ्लॅटवर अजून एका ठिकाणाहून टॉप-अप म्हणजे जादा कर्ज घेतलं होतं आणि दोन्ही मिळून बाकी रक्कम विक्रीच्या किमतीच्या जवळ जात होती. मी माघार घेतली. ५१ हजारांतले २५ हजार चार महिन्यांनी परत आले, बाकीचे आलेच नाहीत, कारण माझ्याकडे कशाच्या बदल्यात दिले याचा कागदच नव्हता. घरी सांगताना फार जड गेलं, कारण ते पैसे बायकोच्या बोनसचे होते.

त्यामुळे टोकन द्यायचं ते थोडं, बँकेतून, आणि एका पानावर लिहून: कोणता फ्लॅट, किती किंमत, किती दिवसांत कागद दाखवायचे, आणि टायटल (मालकी) क्लिअर निघालं नाही किंवा लोन मंजूर झालं नाही तर टोकन पूर्ण परत. दोघांच्या सह्या. हे म्हटल्यावर जो मालक चिडतो त्याचा फ्लॅट सोडून द्या.

"थोडे कॅशमध्ये द्या" असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा. मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात चालत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आणि तुमचं नुकसान असं की कागदावर किंमत कमी दिसते, लोन कमी मिळतं, आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हा नफा फुगून टॅक्स तुम्हीच भरता.

सहावं: रजिस्ट्रेशनचा दिवस आणि त्यानंतरचे पंधरा दिवस

स्टॅम्प ड्युटी ऑनलाइन चलनाने भरायची, दुय्यम निबंधक कार्यालयात (आपल्याकडे हवेली अमुक नंबर म्हणतात ते) दोन्ही पार्टी, दोन साक्षीदार, सगळ्यांची आधार-पॅन, फोटो आणि अंगठे. सही करायच्या आधी ॲग्रीमेंटमधला फ्लॅट नंबर, मजला, कार्पेट, पार्किंग, नावाचं स्पेलिंग हे सगळं बोट ठेवून वाचा, चूक राहिली तर दुरुस्तीपत्र परत रजिस्टर करावं लागतं. विकणाऱ्याचं लोन असेल तर तुमच्या बँकेचा चेक थेट त्याच्या बँकेच्या नावाने जातो आणि ओरिजनल कागद तिकडून तुमच्या बँकेत येतात, मधे विकणाऱ्याच्या खात्यात पैसे टाकून "तो भरेल" यावर राहू नका.

व्यवहार ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून आधीच कापलेला आयकर) खरेदी करणाऱ्याने कापून भरायचा, महिना संपल्यापासून ३० दिवसांत. विकणारा परदेशात राहणारा एनआरआय असेल तर मात्र ५० लाखांची मर्यादा नाही आणि टीडीएस बराच जास्त असतो, तिथे सीएशिवाय पुढे जाऊ नका. अमेरिकेत किंवा दुबईत बसून आईवडिलांच्या नावाने कुलमुखत्यारपत्र देऊन पुण्यात फ्लॅट विकणारे मराठी लोक खूप आहेत, तेव्हा हा प्रसंग तुमच्यावर येऊ शकतो.

नंतर लगेच सोसायटीत ट्रान्सफरचा अर्ज, महावितरणच्या बिलावर नाव, महापालिकेच्या टॅक्सवर नाव. सोसायटीने २५,००० च्या वर "डोनेशन" मागितलं तर मॉडेल बायलॉज (सोसायट्यांसाठीचे सरकारी आदर्श नियम) दाखवा, शांतपणे, पण द्यायचं नाही.

सातवं: भाडेकरू

रिकाम्या फ्लॅटला रंग, चालू गीझर, स्वच्छ टॉयलेट आणि चांगल्या प्रकाशात काढलेले दहा फोटो, एवढ्यावर फ्लॅट लवकर जातो. आल्या-गेल्या पहिल्याला देऊ नका आणि दोन महिने हजार रुपयांसाठी अडूनही बसू नका, १६,००० चा फ्लॅट एक महिना रिकामा राहिला की तो तोटा त्या जादा हजारातून भरून यायला १६ महिने लागतात.

लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट म्हणजे भाड्याचा करार रजिस्टर करायचंच. नोटरी केलेला कागद चालतो असं ब्रोकर सांगतात, तो चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ॲग्रीमेंट लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकाची आहे, नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, उलटं तुम्ही सिद्ध करेपर्यंत. उलट नोंदणी केलेली असेल तर मुदत संपल्यावर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तोपर्यंत दुप्पट भाड्याच्या हिशेबाने भरपाई मागता येते.

खर्चही फार नाही. पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के स्टॅम्प. ११ महिने, १६,००० भाडं, ५०,००० डिपॉझिट असेल तर साडेचारशे रुपयांच्या आसपास. रजिस्ट्रेशन शहरात १,०००. त्यावर एजंटची फी, तो अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, अर्ध्या तासात काम. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन द्या आणि सोसायटीला ॲग्रीमेंटची कॉपी आठ दिवस आधी द्या. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेऊ शकते पण सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर नाही, आणि सर्व्हिस चार्जेस म्हणजे सगळा मेंटेनन्स नव्हे, पाणी-टॅक्स-सिंकिंग फंड त्यात येत नाही.

चावी देताना भाडेकरूसमोर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंग दाखवा, दोघांच्या फोनमध्ये ठेवा. डिपॉझिटमधून रंगाचे किती कापणार ते आधीच लिहा, शेवटच्या दिवशीची ९० टक्के भांडणं तिथेच मिटतात. आणि नळ गळतोय असा मेसेज आला की त्याच दिवशी प्लंबर पाठवा. माझ्याकडे एक नर्स आणि तिचं कुटुंब चार वर्षं आहे, भाडं बाजारापेक्षा हजारभर कमी घेतो, या चार वर्षांत एकही दिवस फ्लॅट रिकामा नाही, एकदाही ब्रोकरेज नाही, त्या बाई पावसाळ्याच्या आधी खिडकीच्या सीलंटचा फोटो स्वतःहून पाठवतात.

टॅक्स

भाड्यातून भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजा, मग लोनचं व्याज वजा. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी व्याजच तीन लाखांच्या आसपास असेल, म्हणजे कागदावर तोटा दिसतो. आयकराच्या जुन्या रिजीममध्ये (पद्धतीत) हा तोटा २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, नवीन रिजीममध्ये पगारातून होत नाही. "टॅक्स वाचेल" या मुद्द्यावर कुणी फ्लॅट विकत असेल तर आधी तुम्ही कुठल्या रिजीममध्ये आहात ते बघा. विकताना दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवला असेल तर नफ्यावर साडेबारा टक्के, इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता. आणि फ्लोटिंग रेटचं होमलोन आधी फेडलं तर दंड नाही, म्हणून बोनस आला की मुद्दलात भरा.

भावाचं काय झालं ते सांगतो. त्याने पुढच्या रविवारी सकाळी धायरीतल्या त्या सोसायटीच्या गेटवरून मला रजिस्टरचा फोटो पाठवला, दोन दिवसांत ११ टँकर. त्याने तो फ्लॅट सोडला. आता तो पौड रोडला एक जुना वन बीएचके बघतोय, तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण पाणी दोन्ही वेळचं आणि ओसीची कॉपी मालकाने पहिल्याच भेटीत काढून हातात दिली. काल रात्री त्याचा मेसेज होता, "टोकनच्या कागदाचा मसुदा पाठव."